कडुलिंबाखालचे धोटे

सोलापूरला आमच्या गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं तर रडण्यावरून कळायचं. आमच्या घरमालकांच्या घरी कोणी गेलं तर मिठावरून कळायचं. खडे मिठाची पिशवी खांद्यावर टाकून मालक भवानी पेठेतल्या वाण्याच्या दुकानातून परत येताना दिसले, की ओट्यावरच्या बाया एकमेकींना विचारायच्या, आज कोण गं, कुत्रं का मांजर? आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. स्वतःच्या दारात आजारी कुत्रं येऊन पडलं, की याच बाया ते गुपचूप मालकांच्या दारात नेऊन टाकायच्या. तेव्हा मात्र कुणी हसायचं नाही.

मी त्यांच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, नवरा एसटीत, निम्मे दिवस बाहेर मुक्कामी. खोल्या बघायला गेले तेव्हा मालकांनी तुम्ही कोण, कुठल्या, माणसं किती, असलं काही विचारलं नाही. थेट परसात नेलं आणि मागच्या भिंतीपाशी कडुलिंबाखाली उभं केलं. तिथं जमिनीत धोटे उभे रोवले होते. मागावर आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला. गिरणीत झिजून बाद झालेले हे धोटे मालकांनी जमवले होते, आणि एकेका धोट्याखाली एकेक जनावर पुरलेलं होतं. मालक मोठ्यानं म्हणाले, "ह्या अंगाला कापडं वाळत घालायची न्हाईत. खरकटं पानी टाकायचं न्हाय. पटत आसंल तर ऱ्हावा." मला शाळेजवळ खोली हवी होती. मी पटतं म्हणाले.

मालक गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. उभी हयात विणकामाच्या खात्यात गेली, त्यात कान गेले. स्वतः बोलायचे ते ओरडून, आणि दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचे. त्या खात्यात मागांच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. त्याच खुणा मालकांनी कुत्र्यांना शिकवल्या होत्या. दोन बोटं कपाळाला लावली, म्हणजे साहेब येतोय, की कुत्री गुमान बाजेखाली जायची. उघडी मूठ मिटली, म्हणजे माग थांबव, की असतील तिथं बसायची. माझ्या वर्गातली पोरं छडी दाखवून सुद्धा इतकी ऐकत नव्हती, हे मला लई लागायचं.

गिरणीत ज्यांनी ज्यांनी त्यांना छळलं, त्यांच्या हुद्द्यांची नावं त्यांनी जनावरांना दिली होती. एक मॅनेजर, एक टाइमकीपर, एक लेबर ऑफिसर. मांजरीचं नाव शेठाणी. मॅनेजर एका पायानं लंगडा, त्याला मालक स्वतःच्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून घालायचे. सूड म्हणून नावं ठेवली आणि मग त्यांच्यावरच जीव लावून बसले, असला सगळा उलटा कारभार. मॅनेजर मेला त्या दिवशी ते वाण्याच्या दुकानात "आमचा मॅनेजर गेला" म्हणून डोळे पुसत ओरडले. संध्याकाळी दोन कामगार दारात हजर, उद्या गिरणीला सुट्टी आहे का विचारायला. मालकांनी त्यांच्या हातात फावडं दिलं.

फार चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला लगेच देव करायची आपल्याकडं खोड आहे, मला ती नाही. माझ्या स्वयंपाकघरात कौलातून पाणी गळायचं. दर पावसाळ्यात मी सांगायची आणि ते दर पावसाळ्यात माझ्या ओठांकडं बघून न कळल्यासारखं करायचे. पण खंडेनवमीला धोट्यांना तेल चोपडायचं कधी चुकलं नाही. बायकोच्या श्राद्धाची तिथी पुण्याहून मुलानं कळवावी लागायची, आणि सर्वपित्रीला मात्र लिंबाखाली पत्रावळ मांडून हा माणूस कावळ्यांची वाट बघत बसायचा. सगळं जग त्या दिवशी कावळ्याला आणि कुत्र्याला घास ठेवतं. हे कुत्र्याच्या नावानं कावळ्याला ठेवायचे.

घरात जनावर गेलं, की सगळं बंद. "धागा तुटला की माग थांबवायचा. मग काय बी आसूंद्या," हे त्यांचं बोलणं. एकदा माझा भाऊ जेऊरहून ज्वारी घेऊन आला होता. पहाटेचा निघालेला, भुकेला, मी ताट वाढलं आणि नेमका तेव्हा टाइमकीपर गेला. मालकांनी भावाला ताटावरून उठवून खड्डा खणायला लावला. भाऊ शेतकरी माणूस, खणता खणता म्हणाला, आमच्यात बैल मेला तरी कुणी एवढं करत न्हाय. मालकांची पाठ होती, त्यांना कळलं नाही. भाऊ परत आला तोवर आमटी गार झाली होती.

सगळ्यांत पहिलं कुत्रं जमादार. ते लिंबाखाली नव्हतं. ते मेलं तेव्हा मालकीणबाई होत्या, लिंबाखाली त्यांची तुळस होती, आणि तुळशीशेजारी कुत्रं पुरू द्यायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणून त्याला परसाच्या दुसऱ्या टोकाला, पडक्या गोठ्यापाशी पुरलं आणि वर धोटा रोवला. संपाच्या दिवसांत घरात चूल पेटत नव्हती तेव्हा जमादार मालकांबरोबर गिरणीच्या फाटकाशी बसून असायचा, असं ते सांगायचे. तेवढी एकच गोष्ट ते हळू आवाजात सांगायचे. रोज सकाळी तोंड धुतल्यावर आधी गोठ्याकडं जाऊन जरा उभे राहायचे, मग चहा.

मुलगा पुण्यात कारखान्यात होता. त्याला तिकडं ब्लॉक घ्यायचा होता. हे घर विकू, तुम्ही आमच्याकडं चला, असा त्याचा लकडा सुरू झाला. मला म्हणाला, बाबा इथं एकटे असतात, काळजी वाटते हो. काळजी कशाची वाटत होती ते मला दिसत होतं, पण भाडेकरणीनं काय बोलायचं. मालक त्याला नाही म्हणू शकले नाहीत. गिरणीत ऑफिसरच्या अंगावर जाणारा हा माणूस, पोटच्या पोरापुढं असा गरीब व्हायचा की बघवत नसे. त्यांनी एकच सांगितलं, लिंबाखालची जागा कुणी खणणार नाही असं गिऱ्हाईक आण.

गिऱ्हाइकं यायला लागली. नव्या पेठेतला एक कापडवाला आला. मालकांनी त्याला खोल्या दाखवल्या नाहीत, विहीर दाखवली नाही, आधी लिंबाखाली नेलं आणि ओळखी करून द्यायला सुरुवात केली. हा टाइमकीपर, वेळेवर भुंकायचा. ही शेठाणी, उंदराला तोंड लावायची नाही. कापडवाला नाकाला रुमाल लावून परस्पर मागच्या दारानं निघून गेला. त्याच्यामागून आलेल्यांची तीच तऱ्हा. सगळ्यांनी मालकांना सांगून बघितलं, मीही सांगितलं, की मालक, धोटे उपटा, तिथं गवार लावा, कशाला सांगत बसताय? ते माझ्यावरच उखडले. "सांगिटलं न्हाय तर खनत्याल की, बाई. म्हाईत आसंल तर मानूस हात आवरतंय." 

त्या दिवाळीला मुलगा आणि सून आले. पाडव्यानंतर एक नवीन गिऱ्हाईक यायचं होतं. पहिल्या आंघोळीला सुनेनं पहाटे उठून बंब पेटवला. मालकांना तिनं स्वतः तेल लावलं, उटणं लावलं, दोन बादल्या काढून दिल्या. मालक खुशीत होते. न्हाणीतून त्यांचा आवाज सगळ्या घरात आला, "आज पानी काय झ्याक तापलंय." सून माझ्याकडं बघून हसली. मलाही बरं वाटलं, म्हातारा सुनेवर खूश झाला म्हणून.

मग ते पणत्या घेऊन परसात गेले. दरवर्षी लिंबाखाली लावायचे. नुसतीच भोकं होती जमिनीत. गोठ्यापाशी गेले, तिथंही भोक. ते परत आले, पणत्या ओट्यावर ठेवल्या आणि सुनेच्या तोंडाकडं बघत उभे राहिले. सून म्हणाली, बाबा, जुनी लाकडं होती, ह्यांनी उपटायला सांगितली, वाळवी लागण्यापेक्षा बंबात गेली तर काय बिघडलं. ती काही दुष्ट नव्हती. काटकसरी होती. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड, पेटलं असणार छान.

 अंगाला उटण्याचा वास, नवा सदरा, मालक तसेच बंबापुढं उकिडवे बसले आणि राख उपसायला लागले. धोट्यांची लोखंडी टोकं निघाली, काळी पडलेली. ती त्यांनी एकेक करून पुसली. एक धोटा तेवढा अर्धवट जळून विझला होता. कुणाचा तो ओळखू येत नव्हतं. तो त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतला. फराळाला कुणी हाक मारली नाही. मुलगा माझ्या दारात येऊन म्हणाला, बाई, तुम्हीच समजवा आता, आम्ही काय चुकीचं केलं? मी म्हणाले, घरात दुसरी लाकडं नव्हती का? तर म्हणाला, तुम्ही भाडेकरू आहात, तुम्हाला नाही कळायचं.

पाडव्यानंतर आला तो यंत्रमागवाला. चादरीचे माग टाकायला त्याला जागा हवी होती. घर त्याला लगेच पसंत पडलं. पण दुसऱ्या खेपेला तो आईला आणि एका गुरुजींना घेऊन आला. म्हातारी घरात तेलुगू बोलणारी, पण मराठी स्वच्छ. मिठाची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ती म्हणाली, जमिनीत हाड असलं तर त्याला शल्य म्हणतात, ते काढल्याशिवाय त्या जागेवर काही उभं करता येत नाही, माग तर नाहीच, कारण मागाची पूजा होते. गुरुजींनी तेच सांगितलं. हाडं काढून द्या, जागा शुद्ध करून घेऊ, मगच सौदा.

मुलगा लगेच हो म्हणाला. मालक म्हातारीच्या ओठांकडं बघत होते. तिला ते कळलं असावं. ती त्यांच्यासमोर बसली आणि सावकाश बोलली, "मुक्या जिवांची हाडं मी टाकून देणार नाही. पांढऱ्या कापडात बांधीन आणि माझ्या हातानं नदीला नेऊन सोडीन. कुठं आहेत ते दाखवा." मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. इतकं नीट त्यांच्याशी त्या घरात कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

मालक उठले. परसात गेले. मला वाटलं, आता लिंबाकडं वळतील. ते वळले गोठ्याकडं. जमादाराच्या भोकापाशी काठी टेकली आणि म्हणाले, "हितं. समदे हितंच हायत."

सून पुण्याला परत गेली होती. मुलाला लिंबाखालचं माहीत होतं, पण गोठ्यापाशी हाडं निघाली की सौदा होणार होता, त्यानं तोंड उघडलं नाही. गल्लीनं फक्त मीठ बघितलं होतं. राहता राहिले मी, आणि मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी गडी लागले. गोठ्यापाशी मातीतून जमादार वर आला. डोकं, पायाची हाडं, फासळ्या. गुरुजींनी विचारलं, एवढीच? बाकीची जनावरं? मालक म्हणाले, मीठ लई घातलं होतं, बाकीचं इरघळलं. गुरुजींना ते पटलं, मिठाचं सगळ्यांनीच ऐकलं होतं. त्यांनी मंत्र म्हटले, पाणी शिंपडलं. म्हातारीनं खरंच स्वतः वाकून एकेक हाड उचललं, पांढऱ्या कापडात ठेवलं, वर हळद वाहिली आणि गाठ मारली. मालक काठीवर हनुवटी टेकून बघत होते. गाठोडं रिक्षात ठेवलं तेव्हा त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली. मुलाला वाटलं, बाबा नमस्कार करतायत.

संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन बसले. चहा दिला. त्यांच्या मानानं ते फार हळू बोलले.

"बाई, जमादाराला दिला मी."

मी मान हलवली.

"खोटं बोललो. गिरनीत सायबाफुडं कदी बोललो न्हाय, आन् हितं बोललो. पर बाकीचे वाचले की. त्याला सवयच हाय म्हना, माज्यासाटी उपाशी बसायची." मग त्यांनी कप बशीत पालथा घातला आणि उठून गेले.  राग आला होता, पण कुणाचा म्हणून करायचा.

खरेदीखत झालं. मालक एक पत्र्याची ट्रंक आणि एक पिशवी घेऊन मुलाबरोबर पुण्याला गेले. राहिलेलं एकुलतं कुत्रं त्यांनी गल्लीतच सोडलं, मुलाच्या ब्लॉकमध्ये कुत्री चालत नव्हती. ते महिनाभर दारात येऊन बसायचं. मी त्याला भाकरी घालायची आणि एकदा मूठ मिटून बघितली, तर ते जिथल्या तिथं बसलं. मग ते यायचं बंद झालं.

मी नव्या मालकाची भाडेकरीण झाले. त्यानं कौलं मात्र आठवड्यात बदलून दिली, तेवढं त्याचं म्हणायला हवं. शुद्ध केलेल्या जागेवर, गोठ्याच्या बाजूला, मागांची शेड उभी राहिली. पूजा झाली, पेढे वाटले, दिवसरात्र खडखडाट सुरू झाला. कामगार वाढले तसा संडास बांधायची वेळ आली. संडास काही शुद्ध जागेवर कुणी बांधत नाही. जागा उरली होती ती लिंबाखाली. झाड पाडलं आणि टाकीसाठी खड्डा घेतला.

पहिल्या दिवशी वरच्या वरच शेठाणी निघाली, एवढंसं डोकं. मग फावड्यागणिक निघत गेलं. लंगड्या पायाचं हाड मी ओळखलं, वाकडं जुळलेलं होतं. गडी खड्ड्याच्या कडेला ढीग घालत होते. नवा मालक धावत आला, ढीग बघितला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारी त्या दिवशी तुळजापूरला गेलेली. तिला कळलं तर शेड पाडायला लावील, गुरुजींना परत बोलवायचं तर चालू माग बंद ठेवावे लागतील. त्यानं शिव्या घातल्या, आमच्या मालकांच्या नावानं, बेइमान म्हातारा म्हणून. मी म्हणाले, निदान कापडात बांधून नदीला तरी सोडा. तो म्हणाला, बाई, आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. सगळं पोत्यात भरलं आणि महानगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर टाकलं. मी दारात उभी राहून बघितलं. पोत्याला तोंड सुद्धा बांधलं नव्हतं.

पावसाळ्यानंतर एक दिवस शाळेतून आले, तर मालक ओट्यावर बसलेले. गिरणीचं काही काम निघालं म्हणाले. वाळले होते. पुण्याला बाजेवर बसून असतो, खाली उतरलं तर गाड्या दिसत्यात, ऐकू येत न्हाईत, म्हणून पोरगा उतरू देत न्हाय, असं सांगत होते. मांडीवर ती जुनी पिशवी. मी म्हणाले, आत या, चहा करते. ते म्हणाले, आदी परसात जाऊन येतो.

मी वाटेत आडवी आले. चहाचं परत म्हणाले, पायावर पाणी घ्या म्हणाले, काय काय म्हणाले. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं आणि मला बाजूला करून गेले.

लिंब नव्हता. सिमेंटची टाकी होती, तिच्यावर लोखंडी झाकण, आणि रांगेत उभे कामगार. मालकांनी पिशवीत हात घातला होता तो तसाच राहिला. त्यांनी मला विचारलं, "खनलं?"

"हो."

"म्हातारीनं नदीला सोडली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण ते माझ्या ओठांकडं बघत होते, आणि त्या घरात एकदा खोटं बोलून काय झालं ते समोर दिसत होतं. मी सांगितलं, म्हातारीला कळूच दिलं नाही, कचऱ्याच्या ट्रॅक्टरवर गेली.

ते रडले नाहीत. मान हलवत राहिले. मग म्हणाले, "ज्याला दिला, त्यो नदीला गेला. जे ठेवले ते उकिरड्यावर. आन् म्हातारी तर म्हनत हुती, मी सोता नेते म्हनून." 

चहा घेतला नाही. निघताना पिशवीतून त्यांनी तो अर्धवट जळलेला धोटा काढला. पुण्याहून कशाला आणला होता ते विचारायची गरज नव्हती. तो माझ्या हातात दिला आणि ओरडून नाही, साधं म्हणाले, "बंबात घाला, बाई. पानी झ्याक तापतंय."

ते परत सोलापूरला आले नाहीत. गेल्याचं मुलाचं कार्ड आलं, तेही मला नव्हे, नव्या मालकाला, घरपट्टीचं काही राहिलं होतं त्याच्याखाली दोन ओळी. मी धोटा पुष्कळ दिवस फडताळात ठेवला होता. कार्ड आलं त्या रात्री काढला आणि सकाळी बंबात घातला. पुरायला जागा कुणाची होती? पाणी छान तापलं. मी आंघोळ करून शाळेत गेले.